सुरुवातीच्या टप्प्यातली बायोटेक कंपनी आणि मोठा भागीदार : करारात काय सोडावं, काय राखावं?

मुळाकाठ, पुणे

नमस्कार मंडळी. आमची छोटी कंपनी लघवीच्या संसर्गासाठी एक चाचणी बनवतेय. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजाने प्रतिजैविक सुरू करतात. कोणतं औषध लागू पडेल हे त्याच दिवशी कळावं, असा आमचा प्रयत्न आहे. मूळ शोध माझ्या सहसंस्थापकाच्या पीएचडीतला. पेटंट त्या सरकारी संशोधन संस्थेच्या नावावर आहे आणि आमच्याकडे त्याचा परवाना आहे. बिरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'बिग' अनुदानातून प्रोटोटाइप उभा राहिला. इथून पुढे एकट्याने जाणं शक्य नाही.

एका मोठ्या डायग्नोस्टिक्स कंपनीने एमओयूचा (सामंजस्य कराराचा) मसुदा पाठवलाय. संपूर्ण भारतात विक्रीचे एक्सक्लुझिव्ह हक्क, म्हणजे दुसऱ्या कोणी विकायचं नाही, पाच वर्षं त्यांच्याकडे. पुढे जे नवं निघेल त्याची मालकी 'संयुक्त'. उत्पादन त्यांच्या कारखान्यात, त्यांच्याच उत्पादन-परवान्यावर. आत्ता पैसे काही नाहीत, विक्री सुरू झाली की रॉयल्टी. दुसरीकडे एक रुग्णालय नमुने द्यायला तयार आहे, पण त्यातून निघणारा सगळा डेटा त्यांचा असं त्यांचं म्हणणं.

त्या मोठ्या कंपनीचे प्रतिनिधी तालुक्याच्या लॅबपर्यंत पोचतात. ते जाळं उभं करायला आम्हाला कित्येक वर्षं लागतील. म्हणून सही करावीशी वाटते आणि त्याच कारणाने भीतीही वाटते. ज्यांनी असे करार केलेत, लिहिलेत किंवा मोडताना पाहिलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रयोगवही, पुणे

ताई, आधी अभिनंदन. प्रयोगशाळेतली गोष्ट प्रोटोटाइपपर्यंत नेणं हेच अवघड असतं, तिथे बहुतेक शोध अडकतात.

भागीदारीचं आपल्या जवळचं आणि नीट पाहण्यासारखं उदाहरण म्हणजे नेक्सकार१९. रक्ताच्या कर्करोगावरचा हा भारतात विकसित झालेला पहिला कार-टी उपचार, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्याला परत देणं. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत पेशींची रचना झाली, रुग्णांवरच्या चाचण्या टाटा मेमोरियलने केल्या, त्यासाठी टाटाचंच खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक होतं. आयआयटीतून २०१८ मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. २०२१ मध्ये लॉरस लॅब्जने तिच्यात हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी आली. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात हा उपचार इथे देता येतो.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते कामाचं वाटप. आयआयटीकडे रुग्ण नव्हते, टाटाकडे पेशी बदलण्याचं ते तंत्र नव्हतं, कंपनीकडे कारखाना उभारण्याएवढं भांडवल नव्हतं. प्रत्येकाने दुसऱ्याला जमत नव्हतं तेवढंच आणलं. शिवाय टाटाचे डॉक्टर वस्तू तयार झाल्यावर बोलावलेले पाहुणे नव्हते, ते आधीपासून सोबत होते. तुमच्या रुग्णालयाला तुम्ही फक्त नमुने मागताय का, हे एकदा तपासून बघा.

गोळीबंद, नागपूर

मी बरीच वर्षं औषधं आणि किट विकतोय. थोडा वेगळा सूर लावतो.

नव्या कंपन्या पेटंटला फार जपतात आणि बाजाराला कमी लेखतात. चांगली चाचणी लॅबमालकाच्या टेबलावर पोचलीच नाही, तर पेटंट फ्रेम करून भिंतीवर लावावं लागतं. मोठ्या कंपनीचा माणूस दर आठवड्याला त्या लॅबमध्ये जातो, उधारी देतो, मशीन बिघडलं की इंजिनिअर पाठवतो. तुमच्याकडून लॅबमालक एक किट घेईल, त्यांच्याकडून वर्षाचा करार करेल. एक्सक्लुझिव्ह मागितलं म्हणून दचकू नका. एक्सक्लुझिव्ह नसेल तर त्यांची विक्रीची टीम तुमच्या वस्तूवर मेहनतच घेणार नाही.

दावापत्र, मुंबई

गोळीबंद यांचं बाजाराबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. मी पेटंटचं काम करते, त्यामुळे त्या 'संयुक्त' या एका कलमाबद्दल लिहिते. हे कलम ऐकायला फार न्याय्य वाटतं आणि छोट्या कंपनीचं सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

आपल्या पेटंट कायद्याचं, १९७० च्या, कलम ५० पाहा. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर प्रत्येक सहमालक ते पेटंट स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकतो आणि दुसऱ्याला त्याचा हिशेब द्यावा लागत नाही. मात्र तिसऱ्याला परवाना द्यायचा असेल किंवा आपला हिस्सा विकायचा असेल तर दुसऱ्याची संमती लागते. आता हे दोन्ही नियम तुमच्या जागी बसून वाचा. त्यांच्याकडे कारखाना आहे, विक्रीची फौज आहे. ते उद्यापासून स्वतः वापरतील, तुम्हाला पैसाही न देता. तुमच्याकडे कारखाना नाही, म्हणून तुमचा फायदा परवाना देण्यातूनच होणार, आणि त्यासाठी त्यांचीच संमती हवी. कागदावर अर्धा-अर्धा हिस्सा, प्रत्यक्षात सगळं त्यांचं. अमेरिकेत उलटं आहे. तिथे सहमालक दुसऱ्याला न विचारता परवाना देऊ शकतो. म्हणजे एकाच संयुक्त शोधाचे दोन देशांत दोन परिणाम, आणि दोन्ही तुम्हाला गैरसोयीचे.

म्हणून मसुद्यात आधी दोन रकाने करा. करारावर सही होण्याआधी ज्याच्याकडे जे होतं ते त्याचंच, याची यादी जोडा. पेटंट, प्रायमरचे (चाचणीत वापरायच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचे) क्रम, सॉफ्टवेअर, प्रयोगवह्यांमधली माहिती, सगळं. नंतर जे निघेल त्याची वाटणी विषयानुसार करा : चाचणीच्या रसायनात, रचनेत, विश्लेषणात सुधारणा झाली तर ती तुमची, शोध कोणाच्याही माणसाने लावलेला असो. उत्पादनाच्या प्रक्रियेतली, पॅकिंगची सुधारणा त्यांची. एकमेकांना वापराचा परवाना द्या. मालकी मात्र एकाकडेच राहू द्या.

आणि हे सगळं करण्याआधी संस्थेबरोबरचा तुमचा मूळ परवाना बाहेर काढा. उप-परवाना, म्हणजे तुम्हाला मिळालेला परवाना पुढे तिसऱ्याला देण्याचा हक्क त्यात आहे का? सुधारणांवर संस्थेचा दावा आहे का? तो हक्कच नसेल तर या मोठ्या कंपनीला तुम्ही जे द्यायचं म्हणताय ते तुमचं नाहीच.

हडसनतीर, न्यू जर्सी

मी इथे एका औषध कंपनीत भागीदारीच्या बाजूला काम करतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस. दावापत्र यांच्या मुद्द्याला जुना आधार देतो.

जेनेनटेक ही अमेरिकेतली बायोटेक कंपनी १९७६ मध्ये सुरू झाली. १९७८ मध्ये, दोन वर्षांच्या त्या कंपनीने एलाय लिलीशी मानवी इन्सुलिनचा करार केला. लिली तेव्हा अमेरिकेतली इन्सुलिनची सर्वांत मोठी विक्रेती. जेनेनटेककडे ना कारखाना होता, ना औषध मंजूर करून घेण्याचा अनुभव. ताकदीत काही तुलनाच नव्हती. तरी त्यांनी एक अट घातली : जनुक घालून बदललेले आमचे जिवाणू तुम्ही इन्सुलिन बनवण्यासाठीच वापरायचे, दुसऱ्या कशासाठी नाही. इन्सुलिन लिलीला मिळालं, ऑक्टोबर १९८२ मध्ये ते मंजूरही झालं. पण तंत्र जेनेनटेककडे राहिलं आणि पुढची औषधं त्यांनी स्वतः काढली. ताई, तुमच्या चाचणीचं तंत्र उद्या रक्तातल्या जंतुसंसर्गाला लागू होऊ शकेल, पशुवैद्यकातही. हक्क द्यायचे तर 'लघवीच्या संसर्गासाठी मानवी चाचणी' एवढेच द्या.

याच इन्सुलिनची दुसरी बाजूही आहे. त्याचे जनुक कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत बनवले गेले. तिचा आणि जेनेनटेकचा करार १९७६ चा. जेनेनटेकने पुढे इतर कंपन्यांना परवाने दिले, तेव्हा त्या पैशांवरही रॉयल्टी लागू होते की नाही यावर वाद झाला. करारातली वाक्यं दोन्ही बाजूंनी वेगवेगळी वाचली. २००२ मध्ये ज्युरीने सिटी ऑफ होपला ५० कोटी डॉलर देऊ केले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली दंडाची २० कोटींची रक्कम रद्द केली, ३० कोटी कायम ठेवले. करार लिहिला तेव्हा दोघेही मित्र होते. रॉयल्टी कशावर, निव्वळ विक्री म्हणजे काय, उप-परवान्याच्या पैशांचं काय, हे मैत्रीच्या दिवसांतच आकड्यांचं उदाहरण घालून लिहावं. करारालाच एक तक्ता जोडा : इतके किट विकले, इतकी सवलत दिली, तर रॉयल्टी इतकी.

शिवार_कल्चर, कोल्हापूर

आमचं क्षेत्र जैविक खतं आणि बुरशीनाशकं. वैद्यकीय नाही, पण वितरकाशी करार करण्याचा अनुभव आहे.

गोळीबंद दादांचं बरोबर आहे, एक्सक्लुझिव्हला घाबरू नये. फक्त ते फुकट देऊ नये. आमच्याकडून एका मोठ्या वितरकाने संपूर्ण राज्याचे हक्क घेतले. त्यांच्याकडे त्याच कामाचं स्वतःचं एक उत्पादन होतं. आमचं त्यांनी यादीत ठेवलं आणि शेतकऱ्याला दाखवलंच नाही. आम्ही दुसरीकडे विकूही शकत नव्हतो. खरिपाचा हंगाम हातचा गेला.

त्यानंतर आम्ही किमान खरेदी लिहून घेतो, तिमाहीनुसार. ती झाली नाही तर एक्सक्लुझिव्ह हक्क आपोआप साधे होतात, नोटीस, बैठक काही लागत नाही. स्पर्धक वस्तू विकत असाल तर आधीच सांगा, असंही लिहून घेतो. आणि हक्क देताना सगळा महाराष्ट्र देत नाही, आधी चार जिल्हे.

आणखी एक. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आता तर वेळेत न दिलेली रक्कम मोठ्या कंपनीला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंट्स विभागच तुमच्या बाजूने उभा राहतो.

तुमच्या कामात इथल्या मातीतून किंवा पाण्यातून वेगळे केलेले जिवाणू असतील तर जैवविविधता कायदाही बघा. सूक्ष्मजीवसुद्धा त्यात जैविक संसाधन धरले जातात. पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि कंपनी परदेशी नियंत्रणाखाली गेली तर नियम आणखी कडक होतात. भागीदार हिस्सा मागत असेल तर हे आधी विचारून घ्या.

मुळाकाठ, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दावापत्र ताई, मूळ परवाना पाहिला. उप-परवान्याला संस्थेची लेखी संमती लागते. हे आमच्या लक्षातही राहिलं नसतं.

उत्पादनाबद्दल कोणी सांगेल का? त्यांच्या परवान्यावर केलं तर आमचा खर्च वाचतो, म्हणून ते आम्हाला सोयीचं वाटत होतं.

दावापत्र, मुंबई

सोयीचं आहेच, आणि सुरुवातीला करायलाही हरकत नाही. पण २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत उत्पादनाचा परवाना कंपनीला आणि तिच्या कारखान्याच्या जागेला मिळतो. भागीदारी तुटली तर परवाना त्यांच्याकडे राहतो आणि तुम्हाला नव्या जागी पुन्हा अर्जापासून सुरुवात करावी लागते. तोवर बाजारात तुमचा किट नसतो.

म्हणून डिव्हाइस मास्टर फाइलची (किटची रचना, उत्पादन आणि तपासण्या यांची सगळी माहिती असलेल्या फाइलची) पूर्ण आणि अद्ययावत प्रत तुमच्याकडे राहील, तिच्यातल्या तांत्रिक माहितीची मालकी तुमची असेल, असं लिहून घ्या. करार संपल्यावर ठरावीक महिने ते तुम्हाला किट पुरवत राहतील आणि नव्या कारखान्याला तंत्र शिकवायला मदत करतील, हेही लिहा. ब्रँडचं नाव, म्हणजे ट्रेडमार्क, तुमच्याच नावावर नोंदवा. डॉक्टर चाचणीला तिच्या नावाने ओळखतात, कारखाना कोणाचा हे त्यांना ठाऊकही नसतं.

हडसनतीर, न्यू जर्सी

करार संपण्याचा विषय निघालाच आहे तर बेंगळुरूच्या बायोकॉन या कंपनीचं उदाहरण द्यायला हवं. ऑक्टोबर २०१० मध्ये फायझरने बायोकॉनच्या इन्सुलिनसाठी जागतिक करार केला, सुरुवातीलाच २० कोटी डॉलरची तयारी दाखवून. मोठी बातमी होती. मार्च २०१२ मध्ये तो करार संपला. प्राधान्यक्रम बदलले, दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. बायोकॉनकडे उत्पादनाचे हक्क परत आले, कारखाना त्यांचाच होता, त्यामुळे काम थांबलं नाही. २००९ पासून मायलान या औषध कंपनीबरोबर त्यांची बायोसिमिलरची, म्हणजे मूळ जैविक औषधांसारखीच औषधं बनवण्याची, भागीदारी होतीच. तिच्यातून डिसेंबर २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबच्या त्यांच्या बायोसिमिलरला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

बायोकॉन तेव्हा छोटी नव्हती हे खरं. पण मोठ्या कंपनीचा रस कधीही आटू शकतो, आणि त्यात तुमची काहीच चूक नसते. माझ्याच कामात पाहतो : नवा प्रमुख आला, आजाराचा तो विभाग बंद करायचा ठरलं, आणि उत्तम चाललेला प्रकल्प एका बैठकीत थांबला. ज्या माणसाने आत तुमची बाजू लावून धरली तो दुसऱ्या कंपनीत गेला की फोन उचलणारं कोणी राहत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्या संशोधन, गुणवत्ता, विक्री अशा तिन्ही विभागांत तुमचा एकेक ओळखीचा माणूस असू द्या. दर तिमाहीला बैठक करारातच लिहा, इतिवृत्तासह.

मोठा करार एकदम करण्याऐवजी छोट्या कामाने सुरुवात करता येते, हेही सांगतो. जर्मनीची बायोएनटेक आणि फायझर २०१८ पासून फ्लूच्या लशीवर एकत्र काम करत होते. मार्च २०२० मध्ये कोविडचं काम सुरू करायचं ठरलं तेव्हा पैशांची सगळी बोलणी व्हायची होती, तरी साहित्याची देवाणघेवाण आणि सहकार्याचा करार करून त्यांनी लगेच कामाला सुरुवात केली. दोन वर्षांची ओळख होती म्हणून ते जमलं.

वॉर्ड_सात, नाशिक

रुग्णालयाच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी मायक्रोबायोलॉजी विभागात आहे.

नमुने देणं म्हणजे फ्रिजमधून डबा काढून देणं नव्हे. एथिक्स कमिटीचा अर्ज कोण लिहिणार, नमुन्यावरची ओळख कोण काढून टाकणार, कल्चरच्या निकालाशी तुमचा निकाल कोण जुळवणार? हे काम एखाद्या निवासी डॉक्टरच्या किंवा तंत्रज्ञाच्या अंगावर पडतं, तेही रोजच्या कामाशिवाय. नवीन कंपन्या डीनना भेटतात, एमओयूचा फोटो काढतात आणि तंत्रज्ञाचं नावही विचारत नाहीत. मग नमुने वेळेवर येत नाहीत, अर्धवट माहितीचे येतात. त्याच्या वेळेचा मोबदला प्रकल्पाच्या खर्चात धरा, प्रशिक्षण द्या, शोधनिबंधात त्याचं योगदान नोंदवा.

तपासणीनंतर उरलेले, ओळख काढलेले नमुने वापरायचे असतील तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटी संमतीपत्राची अट शिथिल करू शकते. पण तो निर्णय कमिटीचा आहे. तुम्ही किंवा डॉक्टरांनी गृहीत धरायचा नाही. परदेशी भागीदार आला तर आयसीएमआरकडून आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगीही लागते, त्यासाठी वेळ ठेवा.

डेटाबद्दल भांडू नका, विभागणी करा. रुग्णाची माहिती आणि कल्चरचे निकाल रुग्णालयाचे. तुमच्या उपकरणातून आलेले निकाल तुमचे. दोन्ही जुळवून केलेलं विश्लेषण दोघांनी वापरायचं : तुम्ही मंजुरीच्या अर्जासाठी, आम्ही शोधनिबंधासाठी. आम्ही छापण्याआधी मसुदा तुम्हाला दाखवू, तुम्हाला पेटंट भरायचं असेल तर महिना-दोन महिने थांबू. यापेक्षा जास्त थांबायला सांगू नका, आमच्या विद्यार्थ्यांची पदवी त्यावर अवलंबून असते.

आणि एकाच मोठ्या रुग्णालयावर विसंबू नका. आमच्याकडे येणारे रुग्ण आधीच दोन-तीन प्रतिजैविकं घेऊन आलेले असतात, त्यामुळे प्रतिरोधक जिवाणूंचं प्रमाण जास्त दिसतं. तुमची चाचणी इथे उत्तम चालेल आणि तालुक्याच्या ठिकाणी वेगळे आकडे देईल. बाळांच्या रोटाव्हायरस जुलाबांवरच्या रोटाव्हॅक लशीचं पाहा. मूळ विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये सापडलेला, भारत बायोटेक, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेच्या संस्था, पाथ ही आरोग्यातली स्वयंसेवी संस्था, इतके भागीदार. तिसऱ्या टप्प्यात ६,७९९ बाळं होती. चाचणीच्या जागा तीन : दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळ वढू, जिथे केईएमच्या संशोधन केंद्राचं गावांशी जुनं नातं आहे. आईने बाळाला पुन्हा पुन्हा तपासायला आणणं हे त्या नात्यावर चालतं, ते कोणत्याही करारात लिहून मिळत नाही.

गोळीबंद, नागपूर

वॉर्ड_सात डॉक्टर, तंत्रज्ञाबद्दल लिहिलंत ते अगदी खरं. विक्रीतही तेच. लॅबमध्ये किट टिकतो की नाही हे तंत्रज्ञच ठरवतो.

मुळाकाठ ताई, धागा वाचून माझं मत थोडं बदललंय. एक्सक्लुझिव्ह द्या, पण किमान खरेदी घाला, मुदत पाच वर्षांऐवजी दोन करा आणि सरकारी निविदा स्वतःकडे ठेवा. मोठी कंपनी खासगी लॅबमध्ये जोरात असते, सरकारी रुग्णालयांत तिला तितका रस नसतो. आणि आत्ता पैसे नाहीत असं म्हणतात तर व्हॅलिडेशनचा, म्हणजे चाचणी नमुन्यांवर पडताळून पाहण्याचा, खर्च उचलायला सांगा. ज्याने खिशात हात घातलाय तो पाठपुरावा करतो.

प्रयोगवही, पुणे

व्हॅलिडेशनच्या खर्चाची सूचना मला फार आवडली. त्याला एक पुस्ती : निकाल चांगले आले तर पुढे जायचंच, हे बंधन दोघांवर नको. पहिल्या टप्प्यात हक्क कोणालाच नाही, फक्त पहिली बोलणी त्यांच्याशी करायची आणि तीही ठरावीक मुदतीत. पाषाणच्या व्हेंचर सेंटरसारख्या, नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये असे मसुदे पाहिलेले लोक भेटतात, एखादी दुपार काढून जाऊन या.

मुळाकाठ, पुणे

आज सहसंस्थापकाबरोबर बसून उत्तर लिहिलं. पाच वर्षांच्या एमओयूऐवजी सहा महिन्यांच्या व्हॅलिडेशनचा करार सुचवतोय, खर्च त्यांचा, नमुने दोन ठिकाणचे, एक ग्रामीण रुग्णालय धरून. त्यानंतर बोलणीचा पहिला हक्क त्यांना, नव्वद दिवसांसाठी. 'संयुक्त' हा शब्द काढून विषयानुसार वाटणी घातली. संस्थेला उप-परवान्याच्या संमतीसाठी पत्र गेलं. रुग्णालयातल्या तंत्रज्ञ ताईंना उद्या प्रयोगशाळेत बोलावलंय, चाचणी त्यांच्याच हाताने करून पाहायला.

एक शंका राहिली. पुढच्या महिन्यात एका परिषदेत आम्ही पोस्टर लावणार आहोत. त्यात नव्या रसायनाचे निकाल आहेत, त्यावर अजून पेटंट अर्ज केलेला नाही. भागीदार म्हणतात पोस्टर लावा, प्रसिद्धी होईल.

दावापत्र, मुंबई

अर्ज आधी, पोस्टर नंतर. आधी जाहीर झालेला शोध पेटंटसाठी 'नवा' धरला जात नाही. आपल्याकडे प्रकाशनानंतर सवलतीची मुदत फार मर्यादित प्रसंगांत मिळते, तिच्यावर विसंबू नका. तात्पुरता अर्ज तपशिलासह परिषदेच्या आधी दाखल करा, पूर्ण अर्जासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. तो अर्ज तुमच्या कंपनीच्या नावाने असू द्या आणि संशोधकांकडून हस्तांतरपत्र घ्या. सुधारणांवर संस्थेचा हक्क आहे का हेही त्याच दिवशी तपासा. पोस्टरचा सारांश परिषदेच्या संकेतस्थळावर आधीच येतो, तारीख त्याची धरा. निरोपातून मसुदा पाठवलात तर या शनिवारी वाचून देते.